मांडवाच्या कापडाखालचं मशीन

ऐका हो ऐका! समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, पारावर बसलेली मंडळी, ओट्यावर टेकलेली मंडळी आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही असं दाखवणारी मंडळी — सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या गावचा मांडववाला, भोंगेवाला आणि कुणी न विचारता बोलणारा दिगंबर आज एक गोष्ट जाहीर करीत आहे. कृपया हातातली कामं खाली ठेवावीत. चहा चालेल.

झालं. घोषणा मला छान येते. पुढचं मात्र येत नाही, कारण पुढचं मी आजवर कुणापुढे बोललोच नाही; म्हणून लिहून काढतोय. बायकोला माहीत आहे, पण तिच्यापुढेही बोललो नाही. आणि तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्या माणसाने एखादी गोष्ट न बोलणं म्हणजे काय असतं! लोक मला बघून हॉटेलात खुर्ची सरकवतात, कारण दिगू आला म्हणजे काहीतरी ऐकायला मिळणार. मी सगळं सांगतो. इतरांचं तर फारच छान सांगतो.

तर कोरोनाची दुसरी लाट. उन्हाळा. घाटनांदूरच्या अलीकडचं आमचं गाव, बाजाराचं, बऱ्यापैकी मोठं. लग्नं बंद, म्हणजे माझा धंदा बंद. लोखंडी खांब एकावर एक रचलेले, कनाती गुंडाळून गोडाऊनमध्ये, खुर्च्यांवर धूळ. पैशाचं दुःख होतंच, पण खरं सांगू? मला त्याहून जास्त दुःख श्रोत्यांचं होतं. माईक हातात न घेता महिना गेला की माझ्या घशाला खाज सुटते.

अशात तलाठी आला. सरकारी सूचना गल्लोगल्ली पुकारायच्या होत्या. ॲपे रिक्षावर भोंगा बांधायचा, मागे बसून बोलत फिरायचं. मी इतका खूश झालो की त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही. सगळं गाव दार लावून घरात, आणि सगळ्या गावाला ऐकू येणारा आवाज एकट्या माझा! गल्लीत भोंगा वळला की खिडक्या उघडायच्या. माणसं मरत होती, आणि मी — मी रंगात आलो होतो. हेही आधीच सांगून ठेवतो.

मग तो आदेश आला. ज्या कुणाकडे ऑक्सिजनचे सिलिंडर किंवा ऑक्सिजनचं मशीन असेल, कारखान्याचं असो की घरचं, त्याने ताबडतोब तहसीलला कळवावं. सरकार ते दवाखान्यांसाठी ताब्यात घेईल. तलाठ्याने मला फरक समजावून सांगितला होता. जो स्वतःहून कळवेल, त्याचं ते अधिग्रहण. म्हणजे रीतसर आदेशाचा कागद, पावती, भाडं, काम झालं की वस्तू परत. घरात पेशंट असेल तर तहसीलचे साहेब त्याच्यापुरतं ठेवूही देत. पण ज्याने लपवलं, त्याची जप्ती. मग पावती नाही, परत नाही, आणि वर गुन्हा. वस्तू तीच, गाडीत भरणारे तेच. फक्त मालक आधी बोलला की नाही, एवढ्यावर तो दाता ठरणार की साठेबाज.

हे मी भोंग्यावरून पुकारलं. पण दिलेल्या कागदावर मी कधी थांबलोय? तहसील तालुक्याला, गाड्या बंद, पोलीस नाक्यावर. मला वाटलं, लोकांना धीर द्यावा. म्हणून शेवटी माझं स्वतःचं एक वाक्य जोडलं: "तालुक्याला जाता येत नसेल, तर घाबरू नका! दिगूच्या कानात सांगा, सरकारच्या कानात पोचेल!"

काय वाक्य होतं! मला इतकं आवडलं की प्रत्येक गल्लीत दोनदा म्हटलं. ते वाक्य सरकारचं नव्हतं. कुणी मला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. पण भोंग्यातून आलं, म्हणजे लोकांच्या लेखी ते सरकारच बोललं.

आणि आता — आता जरा इकडे या. माझ्या गोडाऊनमध्ये, मांडवाच्या पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांखाली, एक ऑक्सिजनचं मशीन होतं. हवेतून ऑक्सिजन ओढून नळीने नाकाला देणारं. पुण्याच्या मेव्हण्याने पाठवलेलं. त्याच्या घरचं दुखणं निस्तरलं होतं. म्हणाला, गावाकडे काही मिळत नाही, असू दे तुमच्याकडे, लागलंच तर. आमच्याकडे कुणी आजारी नव्हतं. साधा खोकलासुद्धा नाही.

मी कळवलं नाही.

गावभर ओरडून सांगणारा मी, आणि मीच कळवलं नाही. मनातल्या मनात मोठा वकील झालो होतो. म्हणायचो, आदेश साठ्यासाठी आहे. एका खुर्चीला कुणी मांडव म्हणतं का? मग एक मशीन म्हणजे साठा कसा? आदेशात 'घरचं' हा शब्द होता. मीच तो पुकारायचो. चांगला लांबवून पुकारायचो. तरीही माझ्या वकिलाला तो ऐकू यायचा नाही.

युनूस माझ्या गोडाऊनला लागून राहतो. वेल्डिंगचं दुकान पुढे, घर मागे. शाळेपासूनचा सोबती. माझ्या मांडवाचा एकेक खांब त्याच्या हातचा. एकमेकांना 'बे'शिवाय आम्ही हाक मारत नाही. लोखंड कापायला त्याच्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर असायचे, दुकानाच्या दारातच, भिंतीला साखळीने बांधलेले. आणि त्याची मोठी बहीण, आपा, तिला ताप येऊन गेला होता आणि मग दम लागायला लागला होता. गावातल्या कंपाउंडरने एका सिलिंडरला मीटर, पाण्याची बाटली आणि मास्क जोडून दिला होता. तेवढ्यावर आपा तग धरून होती. अंबाजोगाईला खाट मिळेपर्यंत, असं सगळे म्हणत होते.

आपाने मला लहानपणी किती शिव्या दिल्यात! कबुतरांना दगड मारायचो म्हणून. आणि त्याच तोंडाने शीरखुर्म्याची वाटी पुढे करायची.

तर मी रिक्षा परत आणली, भोंग्याच्या वायरी सोडत होतो, आणि युनूस आला. मास्क हनुवटीला. लांबूनच म्हणाला, "दिगू, माझ्या टाक्या घिऊन जा म्हणावं सायबाला. भरलेल्या हायेत. धंदा काय, बंदच हाय."

"चांगलं करतोस," मी म्हणालो.

"एक तेवढी आपासाठी ठिवू द्या म्हणावं. आदेशात हाय ना तसं? तूच वरडत हुतास."

"आहे, आहे."

"मग सांगशील ना बे? का मी जाऊ तालुक्याला?"

"तू कशाला जातोस आपाला सोडून? मी आहे ना."

शब्द माझे हेच. एकही इकडचा तिकडे केलेला नाही.

फोन खिशात होता. साहेबांचा नंबर होता. मी फोन काढला आणि — तुम्हाला सांगू का डोक्यात काय आलं? साहेब म्हणतील, छान, येतो उद्या, त्या गल्लीत आणखी कुणाकडे काही आहे का? तुमच्याकडे नाही ना? सहज विचारतील. हसत विचारतील. आणि मला त्यांना सरळ खोटं सांगावं लागेल. तोवर मी खोटं बोललो नव्हतो हो. फक्त गप्प होतो. गप्प असण्याची मला तशी सवय नाही, पण ते जमत होतं. मी फोन परत खिशात टाकला. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी मी पाहण्याआधी जीप आली. वेल्डरने टाक्या दाबून ठेवल्यात, असा कुणीतरी फोन केला होता. तो मी केला नव्हता. पण मी माझं काम केलं असतं, तर त्या फोनला काही अर्थच उरला नसता.

नायब तहसीलदार साहेब, तलाठी, पोलीस. पंचनामा करायचा तर पंच लागतात, आणि आमच्या गावात पंच म्हटलं की मी. अपघात, चोरी, पडलेलं झाड — कसलाही पंचनामा असो, साहेबलोक आधी दिगूला बोलावतात. घर जवळ, सही झोकदार, आणि चहा येईपर्यंत करमणूक. दुसरा पंच म्हणून पलीकडच्या किराणावाल्याला आणलं. तो बिचारा मान डोलवण्यापलीकडे काही करत नाही.

ऊन असं होतं की साहेब सावली शोधत माझ्या गोडाऊनच्या शटरला पाठ टेकून उभे राहिले. शटरला! आत पांढऱ्या कापडाखाली काय आहे ते मला दिसत होतं. शप्पथ, लोखंडाच्या आरपार दिसत होतं.

"कळवलं का नाहीस?" साहेबांनी युनूसला विचारलं.

"कळिवलं की सायेब! कालच कळिवलं."

"कुणाला?"

"ह्याला." त्याने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट सुटल्यासारखा दिसत होता. बरं झालं दिगूच पंच आहे, असं. "सरकारनंच सांगितलं हुतं, दिगूच्या कानात सांगा म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. तेवढ्यात एका पोलिसाने शटरवर उगाच थाप मारली आणि विचारलं, "हे गोडाऊन कुणाचं बे?"

"माझं," मी म्हणालो.

"काय आहे आत?"

"मांडवाचं सामान."

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "आधी हे सांगा. हा तुम्हाला काल बोलला होता?"

सगळी गल्ली दारात. मागच्या घरातून आपाच्या सिलिंडरच्या बाटलीतली बुडबुड ऐकू येत होती. एवढंच म्हणायचं होतं — होय साहेब, बोलला होता, माझी चूक. पण मग साहेब विचारणार, कळवलं का नाही? सरकारचा आवाज तुम्ही, आणि तुम्हीच दाबून ठेवलं? आणि मग 'नंतर बघू' म्हटलेलं ते शटर ते आत्ताच उघडायला लावणार. भोंगा जाईल, मान जाईल, हॉटेलातली खुर्ची जाईल, गाव माझीच गोष्ट सांगत बसेल. एवढं सगळं एका क्षणात मनात येतं का? येतं. मला आलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला काही बोलला नाही."

आवाज स्वच्छ आला. माईकवर येतो तसा.

"दिगू," युनूस म्हणाला. "बोल की बे. ह्या रिक्षापाशी हुभा हुतो की आपून."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि बघा मी काय केलं — तेवढ्यावर थांबलो नाही. साहेबांना म्हणालो, "काय आहे साहेब, पकडला गेला की माणूस काहीही बोलतो." गल्लीत कुणीतरी हसलं. मला लोकांचं हसणं आवडतं. तेव्हाही क्षणभर आवडलं.

मग जप्तीच. जप्तीत एक सिलिंडर ठेवता येत नाही, साहेबांनाही वाईट वाटत होतं, ते म्हणालेही, "आधी बोलला असतास तर माझ्या हातात होतं." पोलीस मागे गेले, मास्क काढून युनूसच्या बायकोच्या हातात दिला, तो सिलिंडरही बाहेर आणला. गाडीत भरताना ते एकमेकांवर आपटले. खणखण. मी सही केली. झोकदार.

जीप गेली. मी घाबरलो होतो म्हणून लक्षात आलं नव्हतं, साहेब शटर उघडून बघायचं विसरूनच गेले होते.

आता माझ्यातलं सगळ्यात वाईट सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, ते सांगून झालं. नाही.

जीप गेल्यावर आपाला न्यायला टेम्पो मिळेपर्यंत बराच वेळ गेला. दुपार सरत आली. त्या सगळ्या वेळात माझं मशीन तिच्यापासून एका भिंतीपलीकडे होतं. लाईट होती. त्या दिवशी लाईट गेलीही नाही, एरवी रोज जायची. उचलायचं, दारातून न्यायचं, पिन खोचायची. युनूसने काही विचारलंही नसतं! त्याने आधी ते नाकाला लावलं असतं. साहेब परत येणार नव्हते. कायद्याची भीती संपली होती. उरली होती ती फक्त खोटारडा म्हणून उघडं पडण्याची.

सुमन — माझी बायको — स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आवं, ते मशीन आपांकडं न्यायचं का?"

मी म्हणालो, "आत्ता? आत्ता नेलं तर लोक काय म्हणतील?"

तिने ताट वाढलं. मी जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. हे लिहिताना हात थांबतोय, ते सहीचं लिहिताना थांबला नव्हता.

टेम्पो आला. आपाला गादीसकट उचलून आत ठेवलं. ती गादी माझीच होती, लग्नातल्या बैठकीची; युनूसच्या पोराने मागितली आणि मी लगेच काढून दिली. गोडाऊनमध्ये शिरून, कापडाच्या गठ्ठ्याला वळसा घालून, गादी काढून दिली. आपाचे डोळे उघडे होते. तिने मला ओळखलं असावं. अंबाजोगाईच्या वाटेवर, घाट लागायच्या आधीच, ती गेली.

वाचली असती का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. गावात म्हणतात, तिची वेळच आली होती. मी कधी म्हणत नाही. मला ते म्हणायचा हक्क नाही.

पुढे कधीतरी, सगळं ओसरल्यावर, मी भर दुपारी शटर आतून ओढून घेतलं आणि ते मशीन पहिल्यांदा चालू केलं. घरघर सुरू झाली. नळीपुढे हात धरला. गार, बारीक, दोऱ्यासारखी हवा. चालत होतं. उत्तम चालत होतं. मी तसाच बसलो, बोटांना ती हवा लागत होती, आणि मग मला कळलं की ते बंद पडलेलं निघावं अशी मी आशा करत होतो.

युनूसवर केस चालली. अंबाजोगाईच्या कोर्टात तारखांवर तारखा. गावात त्याला साठेबाज म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याच्याकडून खिडक्या करून घ्यायचं लोकांनी सोडलं. माझे खांब तोच जोडायचा. कामापुरतंच बोलायचा. त्याने मला कधी विचारलं नाही. का विचारलं नाहीस, असं मी त्याला विचारू शकत नव्हतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. युनूस सुटला. त्याच्या वकिलाने साधाच मुद्दा काढला: सरकारला वस्तू घ्यायचा अधिकार आहे, पण तो रीतसर लेखी आदेशाने, तसा आदेश युनूसच्या हातात कधी पडलाच नाही. आणि दारात, रस्त्यावरून दिसतील असे साखळीने बांधलेले सिलिंडर म्हणजे लपवलेले कसे? कोर्टाने मान्य केलं. कायद्याने त्याला सोडवलं ते त्याच्या साखळीमुळे. माझ्यामुळे नाही. आपाचा विषय निकालात नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

पण त्याआधी पंच म्हणून माझी साक्ष झाली. मी पिंजऱ्यात उभा. शपथ घेतली. पलीकडे युनूस, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याच्या वकिलाने विचारलं, "जप्तीच्या आदल्या दिवशी आरोपीने सिलिंडर द्यायची तयारी तुम्हाला बोलून दाखवली होती की नाही?"

घरून निघताना मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. एसटीत बसल्यावरही ठरलेलंच होतं. तुम्हाला पटणार नाही, पटू नये. प्रश्न आला आणि मला दिसलं की 'होय' म्हटलं तर मी तेव्हा खोटा, 'नाही' म्हटलं तर आता खोटा. तेव्हा मी तिसरंच काढलं. साळसूदपणे कपाळाला हात लावला — थोडा अभिनयही केला — आणि म्हणालो, "आठवत नाही."

त्यावर युनूस जो ओरडला! त्याला बोलायची परवानगी नव्हती. वकिलाने त्याचा सदरा ओढला, न्यायाधीशांनी तंबी दिली, बाकड्यांवरचे लोक फिदीफिदी हसले, आणि मी — मीसुद्धा हसलो, सवयीने. ते कुठेही लिहून घेतलं गेलं नाही. म्हणून मी इथे लिहितो, जसंच्या तसं:

"आठवत न्हाई? आरं, माझ्या लग्नात मटणातली नळी मिळाली न्हाई म्हणून कोणता पावणा रुसून गेलता, ते सुदिक अजून सांगत फिरतोस की बे!"